पुलावरचे डावे वळण

११ जानेवारी

पान सात. आकृती माझी, आकडे माझे — नाव घड्याळजींचे!

आमच्या छोट्या गाड्यांच्या मंडळाची पत्रिका सकाळच्या टपालाने आली. लेखाचे शीर्षक ‘बोटभर गाडीसाठी चुंबकी स्टिअरिंग’. पुढच्या आसाला एक मिलिमीटर जाडीचे चुंबक, त्यामागे केसाहून बारीक तारेचे वेटोळे, आणि वळून झाल्यावर चाके आपोआप सरळ व्हावीत म्हणून खाली बसवलेले दुसरे, स्थिर चुंबक. हे दुसरे चुंबक नेमके कुठे बसवायचे हे शोधायला मला चार वर्षे लागली. साखरेच्या दाण्याएवढी जागा चुकली तरी गाडी वळते आणि वळलेलीच राहते. चार वर्षे! त्यांना ते दीड पानात उरकता आले.

गेल्या वर्षी वेगळे होईपर्यंत सहा वर्षे आम्ही एका टेबलाशी बसलो. बोटभर लांबीच्या तयार प्रतिकृती — दुधाची गाडी, टपालगाडी, अग्निशमनाचा बंब — उघडायच्या, आतून पोखरायच्या, मोटर आणि बॅटरी बसवायची, आणि रिमोटवर पळवायच्या. गणित माझे, जोडणी त्यांची, कारण आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करून हात बसलेला. लेखात माझा उल्लेख एकदाही नाही. आभारातही नाही. आभार मानले आहेत ते स्वतःच्या भिंगाचे. भिंगाचे!

आजपासून या वहीत त्यांना ‘ते’ नाही. तो.

१२ जानेवारी

हे म्हणाले, “अगं, गाडी अंगठ्याएवढी आणि राग मालगाडीएवढा!”

मी चहा तसाच ठेवून उठले.

१५ जानेवारी

त्याच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग, पुढ्यात कुणाचे तरी उघडे घड्याळ. मान वर केली नाही.

“बाई, या या. बसा.”

बसले नाही. पान सात समोर ठेवले. त्याने चिमट्याने — चिमट्याने! — पान आपल्याकडे सरकवले आणि म्हणाला, “छान छापलंय, नाही?”

मी विचारले, यात माझे नाव कुठे आहे.

“डोकं तुमचं, मान्य आहे की. पण हात कुणाचे? तुमच्या डोक्याला चाकं मी लावली, बाई. नाहीतर अजून वहीतच फिरत बसली असती तुमची गाडी.”

तेवीस वर्षे मी यंत्रशास्त्र शिकवले. उत्तरपत्रिका एकमेकांच्या पाहून लिहिणारे शेकडो पाहिले. पकडल्यावर ते निदान खाली तरी पाहत.

१८ जानेवारी

मंडळाच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार दिली. चार परिशिष्टे जोडली. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य, दाढ उपटण्याआधी ज्या सुरात बोलत असतील त्याच सुरात म्हणाले, “मॅडम, आता छापून गेलंय. थोडं दुखेल, मग नाही जाणवणार. दोघांत मिटवून टाका.”

मिटवून! ठीक आहे. मिटवते.

२ फेब्रुवारी

लिहिता लिहिता हसू येते आहे. सवय नाही.

मंडळाच्या सरावाला बऱ्याच दिवसांनी माझी दुधाची गाडी घेऊन गेले. मोठ्या टेबलावर छोटे शहर मांडलेले: रस्ते, सिग्नल, कडेशी पूल. त्याचा बंब चौकात उभा होता; तो स्वतः कोपऱ्यात चार नव्या सभासदांना काही शिकवत होता. मी माझी गाडी डावीकडे वळवली.

बंबाची चाकेही डावीकडे वळली.

उजवीकडे. बंबही उजवीकडे. कुणाचे लक्ष नव्हते. मी बटण सोडले आणि शांतपणे गाडी डबीत भरली.

प्रत्येक गाडीच्या पोटात नखाएवढी चकती असते, आणि तिच्यात मी लिहिलेला प्रोग्राम. रिमोट आधी आपला क्रमांक सांगतो, मग हुकूम. क्रमांक जुळला तरच गाडी ऐकते. म्हणून प्रत्येकाने आपला क्रमांक वेगळा ठेवायचा असतो. दोन मिनिटांचे काम. या महाभागाने माझा प्रोग्राम अक्षरन् अक्षर उतरवून घेतला — माझ्या क्रमांकासकट! आत काय लिहिले आहे हे एकदाही वाचले नाही. आणि वेगळे झाल्यापासून आमच्या गाड्या एका खोलीत आल्याच नव्हत्या, म्हणून आजवर कळलेही नाही.

त्याची प्रत्येक गाडी माझे ऐकते.

१४ मार्चला वार्षिक प्रदर्शन आहे.

९ फेब्रुवारी

रिमोट हातात दिसता कामा नये. माझ्या चष्म्याची डबी टणक, काळी, कुणाला संशय न येणारी. तिच्या कडेला तीन छिद्रे, त्यांत तीन अवरक्त दिवे. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. हुकूम त्यातूनच जातो. बिजागरीजवळ दोन बटणे, झाकणाच्या अस्तराखाली.

छिद्रे पहिल्यांदा पाडली ती एका रेषेत आली नाहीत. डबी टाकून दिली. दुसरी घेतली.

१३ फेब्रुवारी

हे: “चष्मा कुठाय तुझा?”
मी: “डोळ्यावर.”
हे: “मग डबी कशाला घट्ट धरून बसलीयेस?”

जेवणाच्या टेबलावर, साडेचार मीटरांवरून, दुधाची गाडी ह्यांच्या कपाला वळसा घालून परत आणली. ह्यांना वाटले नेहमीच्या रिमोटने चालवते आहे. म्हणाले, “आज चेहऱ्यावर अगदी अवघड प्रश्नपत्रिका काढल्याचं समाधान आहे. कोण नापास होणारे?”

माणूस सेवानिवृत्त असला तरी नजर गेलेली नाही.

२२ फेब्रुवारी

एक अडचण. त्याचा आणि माझा हुकूम एकाच वेळी गेला तर चकती गोंधळते आणि गाडी जागीच थांबते. थांबणे पुरेसे नाही. पडली पाहिजे.

१ मार्च

अडचण सुटली, आणि ती त्याच्या फुशारकीनेच सोडवली! सरावात तीनदा पाहिले. बंब पुलाच्या मध्यावर आला की तो थांबवतो, रिमोट टेबलावर ठेवतो, दोन्ही हात वर करतो आणि लोकांना ‘माझे स्टिअरिंग’ समजावून सांगतो. सरासरी चाळीस सेकंद. पुलाला कठडा नाही. मला दोन सेकंद पुरतात.

१४ मार्च

झाले!

सभागृह भरलेले. मी तिसऱ्या रांगेत, कडेला, मांडीवर डबी. बंब चौकातून निघाला, सिग्नलला थांबला, वळला — वळण सुरेख होते, हे मान्य केले पाहिजे. अर्थात, ते माझे होते — आणि पुलावर चढला. मध्यावर थांबला. रिमोट टेबलावर. हात वर.

“मंडळी, आता या एवढ्याशा गाडीची गंमत काय, तर हिची चाकं आपल्या मनाप्रमाणे —”

मी बटणे दाबली. पूर्ण वेग, पूर्ण डावीकडे.

बंब कडेवरून गेला. टेबलाच्याही कडेवरून गेला. फरशीवर पडल्याचा आवाज इतका बारीक की तो ऐकू यावा म्हणून लोक क्षणभर गप्प झाले असे वाटले. मग हसू फुटले. मागून कुणीतरी ओरडले, “गाडीचं मन वेगळंच दिसतंय!” शिडी तुटून खुर्चीखाली गेली. तो गुडघ्यांवर बसून शोधत होता. मग त्याने पेटीतून टपालगाडी काढली. तिला मी जागच्या जागी गोल गोल फिरवली — सात फेऱ्या. तो बटणे दाबायची सोडून रिमोट झटकत होता, कानाशी नेत होता, जणू बंद पडलेले घड्याळ!

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढी सभ्यता राखली.

घरी येऊन दोन वाट्या भात जेवले.

१५ मार्च

उत्तम झोप. वर्षभरात अशी लागली नव्हती.

१९ मार्च

मंडळाच्या समितीचे पत्र. तीन वेळा वाचले.

त्याने लेखी जबाब दिला आहे. शब्दशः उतरवते: “ही रचना मुळात बाईंची. त्यांचं नाव वगळलं ही माझी चूक. मी फक्त जोडणी केली आणि जोडणीत दोष नाही, दोन्ही गाड्या तपासून घ्याव्यात. जो दोष सर्वांनी पाहिला तो मूळ रचनेतला असणार.”

समितीने गाड्या तपासल्या. जोडणी निर्दोष निघाली. म्हणून पुढच्या अंकात पान सातवर, चौकटीत, ठळक छापायचे ठरले आहे: चुंबकी स्टिअरिंग भरवशाचे नाही, सभासदांनी वापरू नये, रचनाकार — आणि माझे नाव. पदव्यांसकट. स्पेलिंगसुद्धा बरोबर!

ह्यांनी पत्र वाचले आणि सरळ मनाने म्हणाले, “अगं, आलं की नाव! तेच हवं होतं ना तुला?”

२० मार्च

त्याला शिव्या द्यायला शब्द शोधते आहे. भेकड? नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कुणालाही वेगळा निष्कर्ष काढता आला नसता. समोरच्या पुराव्यावरून तो योग्यच आहे. पुरावा मी तयार केला होता, आणि नेहमीप्रमाणे चोख.

२१ मार्च

गप्प राहिले तर मी खरी, रचना खोटी. बोलले तर उलट.

२३ मार्च

एका नव्या सभासदाचा फोन. तरुण शिक्षिका, तिने माझे स्टिअरिंग तीन गाड्यांत बसवले होते. “मॅडम, तिन्ही काढून टाकलीत. छान चालत होती तशी. पण आता भरवसा नाही ना.”

छान चालत होती! हजार वेळा वळवली तरी हजार वेळा सरळ होते गाडी. मी मोजले आहे.

फोन ठेवल्यावर ह्यांना सगळे सांगितले. डबी उघडून दाखवली. मला वाटले, हसतील. हसले नाहीत. तीन छिद्रांवरून बोट फिरवून म्हणाले, “किती नीट केलंयस गं.” आणि उठून बाल्कनीत गेले.

२७ मार्च

समितीपुढे त्याचाच दुरुस्त केलेला बंब पुलावरून अकरा वेळा नेला-आणला, आणि बाराव्या वेळी डबीतली बटणे दाबून पाडून दाखवला. तो समोरच बसला होता. माझे सभासदत्व एकमताने रद्द. स्टिअरिंग निर्दोष असल्याचे पुढच्या अंकात छापतील. बडतर्फ सभासदाचे नाव पत्रिकेत येत नाही, त्यामुळे रचनेपुढे नाव त्याचेच राहील. मजकूर मला वाचायला दिला. चुंबकाची जाडी चुकीची लिहिली होती. ती दुरुस्त केली आणि सही केली.