वैशाखातले फलालीनचे शर्ट

आप्पा, आज दोन एसट्या बदलून शिरूरच्या त्याच, तुमच्या सेलच्या मंगल कार्यालयात गेले होते. होळी होऊन गेली, उन्हाने डोकं तापलेलं, आणि रिक्षावरचा भोंगा ओरडतोय, थंडीचे कपडे निम्म्या भावात. असल्या उन्हात फलालीन घ्यायला कोण जाणार? मी गेले. लग्नाच्या स्टेजवर कपड्यांचे ढीग, बायका कोपरापर्यंत हात घालून उपसतायत. मीही पदर खोचून घुसले. एक शर्ट हाताला लागला तो आधी गालाला घासून पाहिला, मग उजेडाकडे धरला, मग काज ओढून बघितलं. सगळ्या सवयी तुमच्या. विकणारा म्हणाला, "लास्ट पीस है, मॅडम," तर त्याच्याकडेही तुमच्यासारखंच संशयाने बघितलं. माझा मलाच वैताग आला.

लहानपणी तुमचा हा सेलचा नाद मी निमूट सोसला. भर उन्हाळ्यात फलालीनचा फ्रॉक, तोही ढगळा. "वाढत्या अंगाचा हाय, पुढल्या थंडीत बरोब्बर बसंल." कधी बसला नाही. पण माझ्या लग्नातसुद्धा? वैशाखातलं लग्न, मांडवात माणसं घामाने निथळतायत, आणि तुम्ही राहू गावच्या व्याह्यांना आहेरात सेलमधले फलालीनचे शर्ट काढलेत. माझ्या सासऱ्यांनी तो जाड चौकड्यांचा शर्ट मांडीवर घेतला आणि मांडवात हशा पिकला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "थंडीत कळंल, पाव्हणं." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पुढे नणंदा उन्हाळाभर म्हणत होत्या, "लई उकडतंय, फलालीन आणा गं." फोनवर मी तुमच्यावर तोंड सोडलं, तर तुमचं एकच, "थंडी पडू दे."

थंडी पडली, आप्पा. पण तुम्ही दसऱ्याच्या आधीच गेलात. एरवी सेलमध्ये एका शर्टापायी दुपार घालवणारा माणूस, इथंच कसली घाई झाली? त्या थंडीत मामंजी उसाला पाणी द्यायला निघाले ते तो शर्ट घालूनच. परत येऊन चुलीपाशी बसले आणि मला म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला इचारून ठिवायला पायजे हुतं, ह्यो माल मिळतो कुठं." नणंदांची थट्टाही तिथंच संपली. तेव्हापासून दर थंडीत तोच शर्ट. आता कोपरं विरलीत, म्हणून ही माझी पायपीट. आज नवा शर्ट समोर ठेवला तर त्यांनी गालाला लावून पाहिला आणि परत दिला. "त्यातली ऊब न्हाई ह्यात. त्योच दे शिवून."

शेवटी नव्याची बाही कापली आणि जुन्याच्या कोपरांना ठिगळं लावत बसलेय. दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या मध्ये मी. हे पत्र काही पोस्टाच्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा लिहूनच टाकते. आहेराचा राग त्याच थंडीत गेला होता. तुमचं खरं ठरलं, हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. तेवढी एक थंडी थांबायचं होतंत.