उघड्या दाराचं कडवं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मास्तरांकडे गाणी करायला शिकायला इथे येऊन आज दोन महिने झाले. माझी प्रकृती उत्तम आहे, गाणी आजारी आहेत.

मास्तरांनी अजून माझं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. त्यांची पद्धत अशी, की मी गाणं म्हणत तीन जिने चढायचे. जिथे धाप लागेल ती ओळ लांब, ती कापायची. माझं पहिलं गाणं दुसऱ्या मजल्यावरच वारलं. मास्तर वर खुर्ची टाकून बसतात आणि ऐकता ऐकता पेन्सिलीला टोक करतात. चंद्र, पापणी आणि काळीज हे तीन शब्द त्यांनी माझ्या वहीतून हद्दपार केले. त्यामुळे वही बरीच मोकळी झाली आहे.

परवा म्हणाले, तुला चाल बरी सुचते. मी खूश होतोय न होतोय तोच पुढे म्हणाले, की चाल कुणालाही सुचते, माणूस सुचावा लागतो. महिनाअखेर एक तरी खरं गाणं आणलं, तर रेडिओवरच्या कार्यक्रमात त्यांची गायिका ते म्हणणार. नाहीतर मी पेटी उचलून घरी जावं आणि तुझ्या शिवणाच्या दुकानात बसून काजं करावीत, असं त्यांचं मत आहे. हे त्यांनी तुला न विचारताच ठरवलं.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तरी हरकत नाही.

तुझा,
ठोंब्या

ता. १० फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, पण दोन दिवस शेजारी पाहुणचार घेऊन. सौ. लिहावं की श्रीमती, हे तुला ठरवता येत नाही म्हणून तू पाकिटावर नुसतं ‘ताई’ लिहितोस. या गल्लीत सात ताया आहेत. तुझे भाऊजी घर सोडून गेले त्याला चार वर्षं झाली. ते कुठे राहतात आणि कुणाबरोबर, हे पोस्टमनलासुद्धा ठाऊक आहे. तेव्हा दुकानाचा पत्ता घाल आणि मोकळा हो.

काजं करायला येऊ नकोस. मागच्या वेळी एका शर्टाला तू दोन्ही बाजूंनी काजं केली होतीस. गिऱ्हाईक सज्जन म्हणून निभावलं.

गाण्यातलं मला कळत नाही, कपड्यातलं कळतं. आरशासमोर उभं राहिलं की माणूस पोट आत घेतो. त्या मापाने शिवलं तर कपडा घरी जाऊन उसवतो. म्हणून मी आधी इकडचं तिकडचं बोलते, त्याने श्वास सोडला की टेप लावते. तुझ्या गाण्यांतली माणसं कायम पोट आत घेऊन उभी असतात. बाकी चाली छान असतात. कालच हेडमास्तर पँट घेऊन आले, म्हणे धुतल्यावर आटली. मी पँटलाच दोष दिला.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, पण ते पोटात जात नाहीत.

ताई

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा लिहिलं. तीन फाडली, म्हणून तू मला शूर समजू नकोस.

गाणं झालं. तिन्ही जिने चढून गेलं. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हे कुणाचं, असं विचारलं. मी म्हटलं, माझं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग मात्र खरं सांगावं लागलं, की माझ्या ताईचं आहे.

ताई, गाणं तुझ्यावर आहे. भाऊजी गेले त्या वर्षी मी सुट्टीत आलो होतो, तेव्हा तू जेवायला दोन ताटं घ्यायचीस. ते पहिलं कडवं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत तू भाऊजींचा कोट टांगून ठेवला होतास, ते दुसरं. तिसऱ्यात दार आहे. ते परत येतील म्हणून तू सात महिने घराचं दार उघडं ठेवलंस. हे कडवं म्हणताना गायिकेने डोळे पुसले.

तुला आधी विचारायला हवं होतं. गाणं आधी झालं, अक्कल नंतर आली. पाच मार्चला रेडिओवर आहे आणि गल्लीत घरोघरी रेडिओ आहे, हे मला माहीत आहे. माझ्याकडे दुसरं गाणं नाही. तरी तू नको म्हणालीस, तर गाण्याचा कागद फाडून घरी येतो. मला हे गाणं फार आवडतं. तू त्याहून जास्त आवडतेस, म्हणून विचारतोय.

लोभ शिल्लक असल्यास कळवावे.

तुझा,
ठोंब्या

ता. २६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं, म्हणजे शहरात जाऊन एक गोष्ट तरी शिकलास. वाचून झाल्यावर दोन दिवस तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. तू इथे नसल्यामुळे फार जड गेलं नाही.

मला राग आला. लहानपणी माझी कात्री न विचारता न्यायचास आणि बोथट करून ठेवायचास, तसंच हे झालं. राग आला हे लिहून ठेवते, नाहीतर ताईला राग येत नाही असंही एक गाणं करशील.

आता चुका. ताट एकच असायचं. भाजी मात्र दोघांची व्हायची, कारण मला एकटीपुरती करताच येईना. हात त्या मापाला बसला होता. कोट टांगला होता तो विकायला. कुणाच्या अंगाला बसला नाही, म्हणून राहिला.

आणि दार. मी काय वेडी आहे, सात महिने दार उघडं टाकून चोरांना शिवणयंत्र दाखवायला? दाराची कडी तुटली होती. रात्री खुर्ची लावून झोपत होते. गायिकेला म्हणावं, डोळे पूस आणि नवी ओळ पाठ कर.

तुटक्या कडीचं काय गाणं करायचं, असं मास्तर विचारतील. तर त्यांना सांग, की सुतार आमच्या समोरच राहतो. कडी बसवून देऊ का, असं तो रोज सकाळी विचारायचा. मी उद्या ये म्हणायचे. सात महिने मी रोज उद्या ये म्हणाले. कडी आतून काढावी लागते, खुर्ची बाहेरून ढकलली तरी सरकते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेवढं घाल, आणि मग खुशाल म्हणू दे.

ताई