हलक्या ब्राउझरमधले चौकोन

११ जानेवारी, गुरुवार

हे सोमवारी मुरुमच्या स्टँडवर उतरले होते. सांगणारे महालिंगप्पा. स्टँडसमोर त्यांचं चहाचं हॉटेल आहे. फोटो डोळ्याजवळ धरून म्हणाले, "व्हय, हेच की ताई. बशीत ओतून चहा पिले. राखाडी स्वेटर." पुढं कुठं गेले ते त्यांनी पाहिलं नाही. गर्दी होती.

सोमवारी मी बैठकीच्या बातमीला नळदुर्गला गेले होते. दार नुसतं ओढून घेतलं. आमच्या जळकोटच्या फाट्यावर मिनिटाला एक गाडी थांबते. चढले असतील कुठल्यातरी गाडीत.

पेपरला हे बेपत्ता असल्याचा मजकूर मीच पाठवला. शंकरप्पा, वय त्रेसष्ट, रंग सावळा, स्मृतिभ्रंश, बोलता येत नाही. लोकांच्या घरचे असे मजकूर वर्षानुवर्षं मीच लिहीत आले. हाही एका दमात लिहून झाला. सवय!

१२ जानेवारी

पोलिसांच्या साइटवर अनोळखी व्यक्तींची पानं असतात. सकाळपासून तीच बघतेय.

फोन जुना, जागा भरलेली. वैदेहीनं मागं त्यात हा हलका ब्राउझर टाकून दिला होता. "आई, फोटो बंद ठेव. डेटा कमी खातो, मजकूर लगेच उघडतो." शेतातून, बसमधून बातम्या पाठवायला बरा पडला. आता या पानांवर फोटोच्या जागी राखाडी चौकट दिसते. चौकटीवर बोट ठेवलं की तेवढा फोटो उघडतो.

मी ठेवत नाही. बहुतेक मेलेल्या माणसांचे असतात. आधी मजकूर वाचते. उंची, कपडे, वय. जुळलं तरच उघडायचं, असं ठरवलंय. अजून एकही उघडावा लागला नाही.

पानाखाली हिरव्या अक्षरांत येतं — आज इतका डेटा वाचवला. शाबासकी देतोय मेला!

१३ जानेवारी

दुपारी एक फोन. बाई होत्या. मोडकीतोडकी मराठी, मागं भांड्यांचा आवाज. "पेपरमधले काका... आमच्याकडं एक काका हायत. लई बोलतात. दिवसभर बोलतात."

म्हटलं, "आमचे बोलत नाहीत हो. दोन वर्षं झाली."

"एक शब्दबी न्हाय?"

"न्हाय."

"मग हे न्हवं ते," म्हणाल्या. "देवी भेटवील तुमाला." ठेवला फोन.

असे फोन येतातच. काल एकानं सोळा वर्षांचा मुलगा सापडल्याचं कळवलं.

१५ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या अयोध्यावहिनी वाण घेऊन आल्या आणि दारातच घुटमळल्या. कुंकवाचा करंडा पदराआड. मला द्यावं की नाही, त्यांना कळेना. मीच कपाळ पुढं केलं. त्या रडायला लागल्या. मी नाही.

१६ जानेवारी

वैदेहीला आठवा महिना. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. पुण्यातून दर तासाला फोन. "आई, कर्नाटकातली पानं बघितलीस का? मुरुमपासून हद्द किती लांब आहे?"

बघितली. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ओळीच्या ओळी, पान खाली सरकवावं तितके रिकामे चौकोन. या ब्राउझरला कानडी येत नाही.

"मग दुसरा टाक ना!"

"जागा नाही."

"व्हिडिओ काढून टाक काहीतरी."

काय काढू? तुझ्या लग्नातला आहे. त्यात हे पंगतीत उभं राहून म्हणतात, "चारुशीला, इकडं वाढ, इकडं." माझं नाव घेतलेला तो एकच आहे माझ्याकडं. तिला एवढंच म्हटलं, बघते.

आणि मनात म्हटलं, तिकडच्या लोकांनी यांना नेलं तरी कसं ओळखणार? बोलत नाही माणूस.

१७ जानेवारी

पेपरच्या डेस्कवरून फोन. "मॅडम, ऊस वाहतुकीची बातमी राहिली." पाचच्या आत दिली.

१८ जानेवारी, गुरुवार

मुरुमला गेले. तीच चौकशी, तीच उत्तरं. महालिंगप्पांनी बसवून चहा दिला. मी फोन काढून पान चाळत होते, तर ते वाकून बघायला लागले. "हे काय चौकोन-चौकोन? कुठलं पान हे?"

"कर्नाटकातलं, आळंदच्या बाजूचं. दिसत नाही यात."

"थांबा. माझ्यात बघू." त्यांनी स्वतःच्या फोनवर तेच पान काढलं आणि चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले. वाचता वाचता आवाज उतरला. "वय साठ-पासष्ट. राखाडी स्वेटर. कन्नड बोलतात. लई बोलतात, असं लिवलंय बघा. आपलं गाव सांगतात..." गावाचं नाव त्यांनी घेतलं.

यांच्या आईचं गाव ते. मी एकदाही पाहिलेलं नाही. माझ्याशी लग्न केलं आणि तिकडच्यांनी दार लावून घेतलं.

माझ्याच फोनवर राखाडी चौकटीवर बोट ठेवलं. फोटो वरून खाली सावकाश उतरत आला. आधी भिंत. मग कपाळ. मग हे.

हसतायत.

खाली एका आश्रमाचा नंबर होता. मी लावायला घेतला, तर फोननं आपणहून दाखवलं — शनिवारी दुपारी याच नंबरवरून आलेला कॉल.

१९ जानेवारी

महालिंगप्पा हॉटेल भावावर टाकून सोबत आले. आश्रम लहान आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण. हे उन्हात बसले होते, समोर तिघं-चौघं म्हातारे. हे सांगत होते आणि ते हसत होते. हात वर करून, डोळे मोठे करून, मधेच कुणाची तरी नक्कल करून. सबंध वाक्यं! एकामागून एक! मी फाटकाशी उभी.

"काय सांगतायत?"

महालिंगप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आई विहिरीवर शिव्या देती, ते. लई गमतीचं सांगायलेत."

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, भाषा गेली. गेली होती ती मराठी. माझ्यासाठी शिकले होते ना, म्हणून ती आधी गेली असेल. सुरुवातीला मधेच एखादा कानडी शब्द यायचा. मी म्हणायची, मराठीत सांगा की हो, मला कळंना. तीन-चार वेळा म्हटलं असेल. मग तेही थांबलं. आणि मी ते गप्प बसणं आजारात धरलं. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, आणि माणूस घरात एकटा!

मी समोर जाऊन बसले. यांनी बघितलं. काहीतरी म्हणाले, अगदी अदबीनं.

"म्हणायलेत, या बाई लांबून आल्यात, यांना जेवायला वाढा."

मी जेवले. वाढणाऱ्या बाईंनी मला आवाजावरून ओळखलं. शनिवारचा फोन त्यांचाच. भाकरीवर तूप जास्त घातलं.

संध्याकाळी हात धरून गाडीकडं नेलं, तर हे फाटकाशी थांबले. हात ओढून घेतला नाही, ओरडले नाहीत. नुसते गप्प झाले. तेच तोंड — आपल्या घरातलं.

मी हात सोडला.

२० जानेवारी

यांना आणलं नाही. वैदेहीला कळवलं. ती चिडली, मग रडली, मग म्हणाली, मला त्यांचा आवाज पाठव.

बुधवारी परत जाणार. महालिंगप्पांनी चार वाक्यं शिकवलीत. जेवलात का, थंडी वाजते का, ऊन आलंय, बसू का इथं. पाचवं मी मागितलं — मी तुमची बायको.

म्हणाले, "ते इतक्यात नको ताई."