बोलता येईल इतपत चालणे

सोमवार, ३ मार्च
चिठ्ठीवर एकही गोळी नाही! खुब्याचं हाड मोडलं, त्यात खिळे ठोकले, आणि आता या पुनर्वसन केंद्रात औषध काय? – चालणे. झोप. पालेभाजी. सिगारेट बंद. रोज कुणाची तरी सोबत. ही औषधाची चिठ्ठी की शाळेतला सुविचाराचा फळा? तसं तोंडावर विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, हाड आम्ही जोडलं. बाकीचं तुम्ही तीस वर्षं बिघडवलंय, ते गोळीनं कसं जुळणार?"

घर तिसऱ्या मजल्यावर. चौपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. २४ तारखेला इथल्या जिन्यावर चौपन्न चढून दाखवायच्या. नाही जमलं तर कायमचा मुक्काम मुलीकडे, तळमजल्यावर, जावयाच्या टीव्हीसमोर. मी खाली आणि माझी पुस्तकं वर! हा तह मला मान्य नाही.

बुधवार, ५
व्यायाम घेणारी बाई तिशीची, आवाज सेनापतीचा. तिचा नियम असा – चालताना बोलता आलं पाहिजे. शब्द तुटला की वेग कमी करायचा. सगळ्यांना हीच पट्टी. मी व्हरांड्याच्या तीन फेऱ्या मारल्या आणि तेवढ्यात जगातल्या चार क्रांत्या संपवल्या. पाय लटपटत होते, घाम निथळत होता, पण वाक्य एकही अर्धं नाही! बाईंनी बोटाला चिमटा लावून नाडी पाहिली. एकशे चाळीस.

"काका, तुम्ही बेशुद्ध पडलात तरी बोलत राहाल. ही पट्टी तुमच्यासाठी नाही."

सन्मानच समजतो.

शुक्रवार, ७
जेवणाच्या खोलीत उकडलेल्या भाजीविरुद्ध भाषण ठोकलं. टाळ्या! सगळ्यांनी ताटं सरकवली. मागून बाई म्हणाली, "छान बोललात. साडेअकरा मिनिटं काठीशिवाय उभे होतात." मी तत्काळ बसलो. शेजारचे गुडघेवाले आजोबा तोवर माझी भाजी खात होते. फितूर!

सोमवार, १०
चिठ्ठीत सोबत लिहिली, म्हणून बायकोला रोज बोलावतात. ती येताना माझी पुस्तकं आणते, जाताना वाचलेली नेते. आज माझ्यासोबत पाच फेऱ्या चालली. राज्यसत्ता आणि व्यक्ती यावर बोललो. तिनं चकार शब्द काढला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा मुद्दा खोडला गेला नाही! पटलं म्हणायचं अखेर.

गुरुवार, १३
एकेचाळीस पायऱ्या. दहा दिवस सिगारेट नाही. जग दुष्ट आहे.

रविवार, १६
सहा फेऱ्या. ही आजही गप्प, मी रंगात. एकदम बाई ओरडली, "काका, थांबा! आणि गप्प बसा!" मी बोट पुढे केलं. तिनं चिमटा हिच्या बोटाला लावला.

"काकू, काहीतरी बोला."

"अहो, मी..." एवढंच. पुढे नुसती धाप.

आठवडाभर मी त्या धापेला सहमती समजत होतो.

मंगळवार, १८
हिच्या हृदयाची एक वाहिनी तुंबली होती. काल नळी बसवली. आता धोका नाही म्हणतात. शेजारच्याच विभागात ठेवलंय. चिठ्ठी तीच – चालणे, झोप, पालेभाजी, सोबत.

"कधीपासून होतंय हे?"

"सहा महिने झाले. जिना चढताना."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू?"



शुक्रवार, २१
हिच्यासोबत अर्धी फेरी. मी गप्प. ही बोलत होती! जावई, गॅस, माझी आई, माझी भाषणं, १९८७ सालचं एक पातेलं... बाई मागून, "वा काकू, वेग अगदी बरोबर!" धाप मलाच लागली.

सोमवार, २४
चौपन्न! न थांबता. डॉक्टरांनी घरी जायची परवानगी सही करून हातात दिली.

परत केली. हिच्या अजून चौदाच होतात.