धुक्यात उतरलेलं विमान आणि दुसऱ्यांची आई

हॅटफील्ड,
डिसेंबर १९७७

प्रिय मॉडताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुझा राग, तिन्ही उतारावर असतील अशी आशा करतो (पहिल्या दोहोंबद्दल जरा जास्त). बाबांच्या दफनाला मी आलोच नाही, असं तू साऱ्या स्लाउभर सांगत सुटली आहेस म्हणे. ताई, मी आलो होतो गं. ऐकून तरी घे.

सुरुवात विमानापासूनच करावी लागेल (उसासा टाकू नकोस). आमच्या कारखान्याचं हे तीन इंजिनांचं जेट, ज्याच्या शेपटीत मी उमेदीची सगळी वर्षं घातली, ते आधी चांगलं ऐसपैस आखलं होतं. मग एकुलतं एक गिऱ्हाईक "एवढं मोठं नको बुवा" म्हणालं, आणि आम्ही ते आटवलं. तिकडे अमेरिकेतल्यांनी आपलं मोठंच बनवलं आणि जगभर खपवलं. आमची कशीबशी शंभरेक. त्यात पुढचं चाक मधोमध नाही, एका अंगाला (बाबा म्हणायचे, "अरे, पाहुणे यायच्या आत ते सरळ तरी करा!"). धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला स्वारी नाखूश. पण एक विद्या त्याच्यापाशी आहे. दाट धुक्यात, वैमानिकाने हात न लावता, ते आपलं आपण उतरतं.

त्याच भरवशावर दफनाच्या दिवशी सकाळी पॅरिसहून, जिथे कामासाठी गेलो होतो, त्याच विमानाने निघालो. लंडनवर धुकं. बाकीची विमानं माघारी फिरली, आमचं अलगद टेकलं. मला रडूच आलं. बाबांना सांगावंसं वाटलं. आणि पुढे? विमान उभं करायची जागाच सापडेना. वाट दाखवायला आलेली मोटार हरवली, तिला शोधायला गेलेली दुसरीही हरवली. टॅक्सी मिळाली, तर तो गृहस्थ म्हणाला, "साहेब, तुम्ही पुढे चालत राहा, म्हणजे मला रस्ता दिसेल." स्लाउपर्यंत मी टॅक्सीच्या पुढे चालत आलो, आणि भाडंही मीच दिलं.

दफनभूमीत काळे कोट दिसले, घुसलो. पाद्री "आपल्या लाडक्या विनिफ्रेडबाई" म्हणाले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर त्या बाईंच्या मुलीने माझ्या हातात मूठभर माती दिली होती. अशा वेळी "माफ करा, माझं माणूस वेगळं" म्हणून सटकायचं कसं? आपल्या घरचं वळण तसं नाही. माती टाकली आणि बाबांसाठी पोटभर रडलो. "आमच्या आईवर फार जीव होता हो तुमचा!" म्हणत त्यांनी मला घरी नेऊन चहा आणि हॅमची सँडविचं खायला घातली. तुम्ही सगळे तेव्हा त्याच आवारात, झुडपांच्या पलीकडे उभे होतात, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा कळलं. "तुझं विमान डोळे नसून पोचलं, नि तू डोळे असून नाही!" म्हणालीस आणि फोन आपटलास. बरोबरच आहे तुझं. बाबांना माझ्या हातची माती मिळाली नाही, याचं फार फार वाईट वाटतं.

तुझा धाकटा भाऊ,
सिरिल

ता. क. : शेवटची विमानं चीनला रवाना झाली की आमचा विभाग बंद. मला आत्ताच कमी केलंय. (भावजींना सांगू नकोस, त्यांना आनंद होईल.)

ता. क. दुसरा : विनिफ्रेडबाईंच्या मुलीचं नाताळच्या जेवणाचं बोलावणं आलंय. मी त्यांचा कोणीतरी दूरचा भाऊच आहे, अशी तिची अजून समजूत आहे. तू बोलावणार असशील तर एक ओळ टाक, मी त्यांना नाही म्हणून कळवतो. माणसं भली आहेत गं, पण तिथे बाबांबद्दल कुणाशी बोलता येत नाही.