माह्या नावाची डब्बी

७ जानेवारी
खोकला आहे. तीन हप्त्याचा. थंडीचा आहे, दुसरं काही नाही. सून प्रेरणा दुर्ग शहरातल्या लॅबमध्ये काम करते, तिले सगळ्या खोकल्यात टीबीच दिसते. म्हणे आई, बेडका तपासा, रिपोर्ट येईपर्यंत गोलूले हात लावू नका. अन् तीन महिन्याचं लेकरू उचलून पद्मनाभपूरले, माहेरी. प्रफुल, माह्या पोटचा, बॅग धरून तिच्या मागं.
ठरलं. दहा दिवसात गोलू माह्या मांडीवर.

९ जानेवारी, दुपार
प्रेरणानं फोनवर क्लास घेतला. छातीत म्हणे चौकीदार पेशी असते, मॅक्रोफेज. जंतू दिसला का गिळते, आत अ‍ॅसिड सोडून जिरवते, त्याले लागते ते लोखंडही लपवून ठेवते. पण टीबीचा जंतू बदमाश. अ‍ॅसिड अडवते अन् त्या चौकीदाराच्याच पोटात बिऱ्हाड मांडते. वर्षानुवर्षं.
मी म्हटलं, तुहा सासरा असाच होता, गिळे सारं, जिरे काहीच नाही. हसली नाही. रुखी बाई.
माहे चौकीदार तसे नाहीत. भिलाईच्या सेक्टर दहाचे आहेत, चाळीस वर्षं स्टील प्लांटचा धूर पचवला.

११ जानेवारी
लोखंडाचं टॉनिक सुरू केलं, चौकीदाराले ताकद. प्रेरणा ओरडली, म्हणे पेशी लोखंड लपवून राहिली अन् तुमी जंतूले घरपोच देऊन राहिल्या? मी म्हटलं, भिलाईच्या जंतूले लोखंडाची काय कमी?
टॉनिक बंद.
रात्री एक चमचा घेतला. चव चांगली आहे.

१४ जानेवारी, सकाळी ६
प्रेरणानं बेडक्यासाठी दोन डब्ब्या दिल्या होत्या. पहिलीत खाकरली. लाल रेघ. काल बीट खाल्लं होतं.
काल नाही, मागच्या हप्त्यात.
डब्बी फेकली. दुसरी घेऊन शेवंताकडं. शेजारीण, ढोलासारखी तब्येत, रोज दुपारी माह्या खोलीत दार लावून आमच्या गप्पा. म्हटलं, तुले तर नीट खाकरताही येत नाही, नवऱ्याले दम कशी देते? चिडली. असा बेडका काढला का ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं. झाकण लावलं. नाव माहं.

१६ जानेवारी
गोलूची दुपटी धुतली. पाळण्याच्या कड्याले तेल दिलं.

१९ जानेवारी
पॉझिटिव्ह.
म्हटलं मशीन खराब आहे. प्रफुल म्हणे आई, मशीनची तुह्यासंग काय दुश्मनी? गोळ्या दारातूनच ठेवून गेला.
म्हणजे शेवंताच्या घरात बिऱ्हाड. मी फिट. पण तिले सांगू कशी? उद्या सांगीन.

२१ जानेवारी
तिच्याकडं पाहुणे होते. गोळ्या गादीखाली. मले काय गरज? उद्या पक्कं.

२३ जानेवारी
पाहुणे नव्हते. शेवंता ओट्यावर बसून खोकून राहिली होती. म्हणे तुह्या डब्बीसाठी खाकरली, तवापासून घसा धरला. हसली. मीही हसली. घरात येऊन रडली नाही. वांगे चिरले.

२४ जानेवारी
सांगतलं. शेवंता म्हणे, रोज दुपारी दार लावून माह्या तोंडासमोर कोण खोकत होतं, रुक्मा? मी का तू?
तिनं दार लावून घेतलं.
प्रेरणाले फोनवर सारं सांगतलं. तिनं एकच विचारलं. मंग तुमचा बेडका कुठं आहे, आई?

२८ जानेवारी
माहा बेडका, माह्या नावाचा. पॉझिटिव्ह.

३० जानेवारी
गोळ्या गादीखालून काढल्या. शेवंतालेही सुरू झाल्या. माह्याशी बोलत नाही, पण गोळी घ्यायच्या टायमाले भिंतीवर दोन थापा मारते.
गोलूले आजार नाही. पण त्याचे चौकीदार किती, तीन महिन्याचे. टीबी होऊ नये म्हणून रोज गोळी कुटून दुधात. प्रफुलनं फोटो पाठवला, तोंड वाकडं केलं आहे, थेट माह्यासारखं.
प्रेरणानं विचारलं, खरं सांगा, खोकला कधीपासून? तेच तीन हप्ते, म्हटलं.
गोलू पोटात होता तवापासून आहे. इथंही मी तीन हप्तेच लिहिलं होतं. ही डायरी तर माह्याशिवाय कोणी वाचत नाही.