जिल्हा बंद पडत नाही

आबा,

खानावळ बंद कर आणि नांदेडला ये, असं माझी लेक रोज फोनवर म्हणते आहे. ती तुमच्या गिरणीपासून जवळच राहते. गिरणीच्या जागेवर आता दुकानं होणार, फ्लॅट होणार, असं तिकडं बोलतात म्हणे. ती म्हणाली, "तुझ्या हातचं इथंबी खातील लोक. लातूरला काय ठेवलंय आता? प्यायला पाणी न्हाई." मी म्हणाले, "रेल्वेनं येतंय की." तर ती म्हणाली, "रेल्वेनं पाणी येणाऱ्या गावात कोण आपलं लेकरू शिकायला ठेवील, आई?" मी फोन ठेवला. लातूरला मला तुम्ही दिलंत, म्हणून तुम्ही नसलात तरी तुम्हालाच लिहायला बसले.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. मला दोन स्थळं आली होती. एक तुमच्याच खात्यातला, तुमच्या शेजारचे माग चालवणारा. दुसरे लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागलेले. आईच्या मनात गिरणीवाला होता, लेक डोळ्यांसमोर राहील म्हणून. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "गिरणी बंद पडती. जिल्हा कधी बंद पडत न्हाई." आई चिडली. "चालत्या गिरणीला कशाला नाट लावून राहिले तुम्ही?" तुम्ही ताटातली भाकरी संपवलीत आणि पाळीला गेलात. मला तेव्हा नवल वाटलं होतं, कारण गिरणीवर तुमच्याएवढा जीव मी कुणाचा पाहिला नव्हता.

तो का होता ते मला ठाऊक आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची आणि बायका-पोरांना आत सोडायचे. आपण बौद्ध, तुम्ही पूजेत नसायचात, पण मला मात्र घेऊन जायचात. मी सहा-सात वर्षांची आहे, सगळे माग थांबलेले आहेत, हवेत तेलाचा आणि कापसाचा वास आहे. तुम्ही मागावर आडवं सूत नेणारा एक धोटा हातात घेता, त्यात सुताची नवी कांडी बसवता, आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत ओढून घेता. सुर्रकन टोक बाहेर येतं. मी हसते. तुम्ही हसत नाही. "याच्यापायी आपल्या लोकांना मागावर घेत नव्हते, माय. धोट्याला तोंड लागतं. आपलं लागलं की त्यांना विटाळ." मग तो धोटा तुम्ही शेजारच्या मागावर ठेवता. "आता माझ्यामागून कुणीबी येतो, त्याच धोट्याला तोंड लावतो. काई बोलत न्हाई." पगारापेक्षा तुम्हाला ते मोठं होतं.

गिरणी बंद झाली त्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. पहाटे तुम्ही उठलात, अंघोळ केलीत, डबा घेतलात. "आबा, कुठं?" "पाळीला." "अवो, डबा रिकामा हाय." "गेटबी रिकामंच हाय, माय." तुम्ही गेलात आणि ऊन चढल्यावर परत आलात. नंतरही जातच राहिलात. गल्लीत कुणी पानटपरी टाकली, कुणी सायकलचं दुकान, कुणी भजी तळायला लागलं. भजीवाला टपरीवर पान खायचा आणि टपरीवाला त्याची भजी. बाहेरून पैसा आत येण्याचं दार एकच होतं आणि त्याला कुलूप लागलं होतं. चौथीत शाळा सुटलेली मी, तुम्ही आणलेल्या रद्दीवर नीट वाचायला शिकले. अजून वाचते. बंद गिरण्यांच्या शहरांचं पुढं काय, यावर पेपरात पुष्कळ येतं. नवे रस्ते, नव्या इमारती, रात्रीचे दिवे, सगळं असतं. मागावरचा माणूस त्या नव्या शहरात कुठं उभा राहणार, एवढंच मला कुठं सापडलं नाही.

जिल्हा बंद पडला नाही, आबा. तेवढं तुमचं खरं झालं. पण जिल्ह्याच्या पगारावर एक घर चालतं, अख्खं शहर चालत नाही. लातूरनं क्लासचा धंदा काढला. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं यायला लागली. हे गेल्यावर मी त्यांना जेवू घालायला लागले. दारात एक माठ ठेवला आणि त्यावर एकच ग्लास. हदगावकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, स्वयंपाकघर बघितलं, आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. तेवढ्यात मुलगी माठातलं पाणी पिऊन म्हणाली, "पप्पा, लई गार हाय, घ्या." त्यांनी घेतलं नाही, पण मुलीचं जेवण माझ्याकडंच लावलं. निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आले, आणि कुणी न सांगता माठावरचा ग्लास उचलून प्यायले. मी आत जाऊन पदरानं तोंड पुसलं. तुमचा धोटा आठवला.

यंदा क्लासवाल्यांनी पोरांना लवकरच घरी पाठवलं. पोरांच्या खोल्यांना कुलपं आहेत. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावते आणि तिथं कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही, एवढा घसा सुकलाय. पाऊस पडला तर पोरं येतीलही. किंवा त्यांचे बाप दुसरं गाव शोधतील. तुमच्या गेटाला कुलूप लागलं तेव्हाही चारजण म्हणत होते, दिवाळीपर्यंत उघडंल.

काल लेकीला मी हो म्हणाले. भांडी आवरते, येते म्हणाले. ती खूश झाली. "शहाणी माझी आई!" म्हणाली.

आज टँकर आला. माझ्या वाट्याच्या पाण्यातून आधी दारातला माठ घासून काठोकाठ भरला, त्यावर ग्लास पालथा घातला, आणि पोरांच्या हिशेबानं कणीक मळायला बसले. अर्धी मळून झाल्यावर खोल्यांची कुलपं आठवली आणि हात थांबला. संध्याकाळ झाली, त्या माठाला कुणी हात लावला नाही. मीही लावला नाही. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही.